निळ्या गोळ्यांचे राज्य

आजच्या धाग्यात एका अशा देशाची हकिगत आहे, जो आता नकाशावर उरलेला नाही. त्याने जिंकलेली पदके मात्र ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदींत जशीच्या तशी आहेत. ती तशी राहावीत की नाही, हा वाद अजूनही पुरता शमलेला नाही.

जुलै १९७६, कॅनडातील माँट्रियल. महिलांच्या जलतरणाच्या १३ शर्यती होत्या आणि त्यांपैकी ११ शर्यतींचे सुवर्णपदक एकाच देशाला मिळाले : पूर्व जर्मनीला. सतरा वर्षांच्या कोर्नेलिया एंडरने एकटीने चार सुवर्णपदके पटकावली, त्यांतली दोन तर अर्ध्या तासाच्या आत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चारच वर्षांपूर्वी म्युनिक ऑलिंपिकमध्ये याच देशाच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते.

एकूण पदकतक्ताही असाच थक्क करणारा होता. सोव्हिएत संघ ४९ सुवर्णपदकांसह पहिला, पूर्व जर्मनी ४० सुवर्णपदकांसह दुसरा आणि अमेरिका ३४ सुवर्णपदकांसह तिसरी. पूर्व जर्मनीची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पावणेदोन कोटींच्या घरात होती. १९७१च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या पुढे गेली होती. (त्याच माँट्रियलमध्ये आपला हॉकी संघ सातवा आला आणि १९२८ नंतर प्रथमच हॉकीतले पदक हुकले. भारताच्या वाट्याला त्या स्पर्धेत काहीच आले नाही.)

तलावाच्या काठावर एक मुलगी मात्र गप्प बसायला तयार नव्हती. अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ. या पूर्व जर्मन मुलींचे रुंद खांदे आणि घोगरे आवाज नैसर्गिक नाहीत, असे ती उघडपणे म्हणाली. त्यावर पूर्व जर्मनीच्या गोटातून ‘आम्ही इथे पोहायला आलो आहोत, गायला नव्हे’ अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. अमेरिकी वृत्तपत्रांनी तर तिलाच हिणवले. पराभव पचवता न येणारी, तुसडी मुलगी ठरवले. तिच्या वाट्याला चार रौप्यपदके आली. शेवटच्या दिवशी १०० मीटरच्या चौघींच्या रिले शर्यतीत मात्र ती आणि तिच्या तीन सहकारी अशा काही पोहल्या की जागतिक विक्रमासह त्यांनी पूर्व जर्मनीला मागे टाकले. उत्तेजकांच्या इतिहासात इतक्या कमी वेळा सांगितली गेलेली शर्यत दुसरी नसावी.

आता प्रश्न असा, की एका लहानशा देशाला पदकांची एवढी भूक का लागावी?

त्याचे मूळ राजकारणात आहे. १९४९ साली जर्मनीची दोन राज्ये झाली. जो देश पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी आपण संबंध तोडू, असे धोरण पश्चिम जर्मनीने १९५५पासून अवलंबिले. परिणामी पूर्व जर्मनीला जगात मानाचे पान मिळेना. १९५६, १९६० आणि १९६४च्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही जर्मनींचा एकच संयुक्त संघ उतरत असे. १९६८मध्ये संघ वेगळे झाले आणि १९७२मध्ये पूर्व जर्मनीला स्वतःचा ध्वज व राष्ट्रगीत घेऊन उतरता आले, तेही म्युनिकमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच अंगणात. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व त्यानंतर एक वर्षाने मिळाले. थोडक्यात, वकिलातींच्या आधी या देशाची ओळख विजयमंचाने करून दिली. तिथल्या खेळाडूंना ‘ट्रॅकसूटमधले राजदूत’ म्हटले जाई, ते उगाच नव्हे.

न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. हे यश निव्वळ औषधांचे नव्हते. शाळाशाळांतून मुलांची उंची, वजन, धाव मोजून गुणवत्ता हेरली जाई. निवडलेली मुले खास क्रीडाशाळांच्या वसतिगृहांत राहत. प्रशिक्षक विद्यापीठात शिकून तयार झालेले असत. इतकी शिस्तबद्ध क्रीडाव्यवस्था त्या काळात क्वचितच कुठे असेल. म्हणूनच पुढची हकिगत अधिक कडू लागते; कारण त्या मुलींपैकी कितीजणी औषधाविनाही जिंकल्या असत्या, हे आता त्यांना स्वतःलाही कधी कळणार नाही.

औषधाचे नाव ओरल-टुरिनाबोल. येना शहरातील येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणारे हे स्टेरॉइड. पुरुषी संप्रेरकासारखे काम करणारा हा पदार्थ स्नायू वाढवतो, थकवा लवकर भरून काढतो, अधिक सराव सोसण्याची ताकद देतो. त्याच्या निळ्या आणि गुलाबी गोळ्या असत. पुरुषांच्या शरीरात हे संप्रेरक मुळातच भरपूर असते. स्त्रीच्या, विशेषतः वयात येणाऱ्या मुलीच्या शरीरात अगदी थोडे. म्हणून थोड्याशा मात्रेचाही परिणाम मुलींवर फार मोठा दिसतो. १९६८च्या उन्हाळ्यात गोळाफेकपटू मार्गिटा गुमेल हिच्यावर हा प्रयोग झाल्याची नोंद पुढे कागदपत्रांत सापडली. त्याच वर्षी मेक्सिकोत तिने १९.६१ मीटरच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. व्यवस्थेला हवा असलेला पुरावा हाती आला होता.

१९७४मध्ये सत्ताधारी पक्षाने या प्रकाराला रीतसर सरकारी योजनेचे रूप दिले. योजनेचे नाव वाचून कोणालाही एखाद्या कालव्याची किंवा खताच्या कारखान्याची आठवण व्हावी : ‘राज्य योजना विषय १४.२५’. क्रीडा संघटनेचे सर्वेसर्वा मान्फ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यकीय सेवेतील डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर हे तिचे कर्तेधर्ते. कागदावर ‘उत्तेजक’ हा शब्द येत नसे. तिथे लिहिले जाई ‘साहाय्यक साधने’. कोणत्या खेळाडूला, कोणत्या आठवड्यात, किती मिलिग्रॅम, याचे तक्ते आखले जात. नोकरशाहीला कोणतेही पाप नीट रकान्यांत बसवता येते, याचा इतका स्वच्छ नमुना विरळा.

पकडले जाऊ नये याचीही व्यवस्था होती. १९७७मध्ये हेलसिंकी येथील युरोपीय स्पर्धेत गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक हिच्या चाचणीत स्टेरॉइड सापडले आणि तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. त्या नामुष्कीनंतर परदेशी जाण्यापूर्वी खेळाडूंची चाचणी घरीच घेण्याचा दंडक अधिक कडक झाला. ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा गावातील प्रयोगशाळेत मूत्राचे नमुने तपासले जात. अंश सापडला तर तो खेळाडू ‘आजारी’ पडे, विमानात बसतच नसे. गंमत म्हणावी की विटंबना, पण ही प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा होती. चोर पकडण्यासाठी बसवलेला दिवा चोराच्याच वाटेवर उजेड पाडीत होता. (स्लुपियानेकने बंदीनंतर १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, हेही जाता जाता.)

आणि खेळाडू? त्यांतल्या कित्येकांचे वय तेरा-चौदा वर्षांचे होते. प्रशिक्षक गोळ्या हातावर ठेवी आणि सांगे, ही जीवनसत्त्वे आहेत. आईवडिलांना कळवले जात नसे. ज्यांना थोडीफार कल्पना होती त्यांच्याकडून गुप्ततेचे वचन घेतले जाई. आवाज फुटणे, अंगावर केस येणे, यकृताचे विकार, मासिक पाळीतील बिघाड हे सारे परिणाम डॉक्टरांना ठाऊक होते. ‘श्टासी’ या गुप्त पोलिस खात्याचा खबऱ्या म्हणून ह्योप्नरने स्वतःच त्यांचे अहवाल दिले होते. रिका राइनिश ही पंधरा वर्षांची मुलगी मॉस्कोत तीन सुवर्णपदके जिंकून आली. पुढे बीजकोशांच्या विकारामुळे तिला लवकरच तलाव सोडावा लागला.

पण या साऱ्या प्रकरणाचा चेहरा म्हणून जगाला ठाऊक झाले ते नाव हायडी क्रीगर. जन्म १९६५, बर्लिन. गोळाफेकीतील गुणी मुलगी. सोळाव्या वर्षापासून तिला निळ्या गोळ्या मिळू लागल्या. वजन वाढत गेले, आवाज खोल झाला, रस्त्यावरचे लोक टोमणे मारू लागले. १९८६मध्ये श्टुटगार्ट येथे तिने २१.१० मीटर गोळा फेकून युरोपीय विजेतेपद मिळवले. त्या एका वर्षात तिच्या पोटात सुमारे २,६०० मिलिग्रॅम ओरल-टुरिनाबोल गेल्याचा हिशेब पुढे कागदपत्रांवरून मांडला गेला. गुडघे, कंबर, पाठ यांनी दगा दिला आणि काही वर्षांतच कारकीर्द संपली. १९९७मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून हायडीचा आंद्रेयास झाला. आपल्याला स्वतःच्या लिंगओळखीविषयी आधीपासूनच संभ्रम होता, हे आंद्रेयास नाकारत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत मूलभूत आहे : तो निर्णय माझा मी घ्यायचा होता, गोळ्यांनी तो मला विचारल्यावाचून घेतला.

१९८९मध्ये बर्लिनची भिंत कोसळली. कपाटे उघडली. ही कपाटे वाचली जावीत म्हणून धडपडणारे एक जोडपे होते. ब्रिगिटे बेरेन्डोंक ही पूर्वेतून पश्चिमेत आलेली माजी थाळीफेकपटू; १९६९मध्येच तिने उत्तेजकांविरुद्ध वृत्तपत्रात लेख लिहिला होता. तिचा नवरा वेर्नर फ्रांके हा हायडेलबर्गचा जीवशास्त्रज्ञ. बाड झारो येथील लष्करी वैद्यकीय अकादमीत गुप्त शोधनिबंधांचा साठा त्यांच्या हाती लागला. ज्या डॉक्टरांनी मुलींना गोळ्या दिल्या त्यांनी त्याच प्रयोगांवर पदव्या मिळवल्या होत्या आणि त्यासाठी सर्व आकडे काळजीपूर्वक लिहून ठेवले होते! १९९१मध्ये बेरेन्डोंकचे पुस्तक आले आणि नाकारणे अशक्य झाले. सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेतून गेले, असा अंदाज आज सर्वत्र दिला जातो.

खटला उभा राहायला आणखी बरीच वर्षे गेली. २००० सालच्या ऑक्टोबरात या गुन्ह्यांची मुदत संपणार होती, म्हणून घाईने मे महिन्यात बर्लिनच्या न्यायालयात एवाल्ड आणि ह्योप्नर यांच्यावर खटला सुरू झाला. क्रीगर साक्षीला आला. १८ जुलै २००० रोजी निकाल लागला : शारीरिक इजा पोहोचवण्यास साहाय्य केल्याबद्दल एवाल्डला २२ महिने आणि ह्योप्नरला १८ महिने कैद, दोन्ही शिक्षा स्थगित. दोघांपैकी एकालाही तुरुंगात जावे लागले नाही. नुकसानभरपाईचा पहिला कायदा २००२मध्ये झाला, दुसरा २०१६मध्ये. दुसऱ्यानुसार पात्र व्यक्तीला एकरकमी १०,५०० युरो मिळाले. आयुष्यभराच्या औषधपाण्याला ही रक्कम किती पुरणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता पदकांकडे येऊ. १९८०च्या मॉस्कोत ४०० मीटर वैयक्तिक मिश्र शैलीत ब्रिटनची शॅरन डेव्हिस दुसरी आली. पहिल्या आलेल्या पेट्रा श्नायडरने पुढे उत्तेजके दिली गेल्याचे मान्य केले. तरी १९९८मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी पदकांचा फेरविचार करावा म्हणून केलेली विनंती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नाकारली. बाबाशॉफची चार रौप्यपदके रौप्यच राहिली.

इथे सहज निवाडा करणे मला जमत नाही. बाबाशॉफवर अन्याय झाला, यात शंका नाही. पण तिच्या शेजारच्या मार्गिकेत पोहणारी मुलगी लबाड होती, असे म्हणता येईल का? फसवणूक करणारा तो, ज्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. चौदा वर्षांच्या मुलीला जीवनसत्त्व म्हणून विष देणारा डॉक्टर आणि ती मुलगी, या दोघांना एकाच शब्दाने संबोधणारा नियम अपुरा आहे. पदक काढून घेतले तर त्या मुलीला दुसऱ्यांदा लुटल्यासारखे होते. ठेवले तर शेजारणीचे लुटलेले परत मिळत नाही. माझा कल असा, की बाबाशॉफसारख्यांना निदान संयुक्त सुवर्णपदक द्यावे आणि नोंदीत कारण लिहावे. सर्वांचे समाधान त्यानेही होणार नाही, हे मान्य.

हे सारे वाचून पश्चिमेला पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. पश्चिम जर्मनीची सप्तशर्यतपटू बिर्गिट ड्रेसेल १९८७च्या एप्रिलमध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, असंख्य औषधांनी पोखरलेल्या शरीरानिशी मरण पावली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पश्चिम जर्मनीतही सरकारी पैशातून उत्तेजकांवर संशोधन चालत असल्याचे दाखवून दिले. फरक एवढाच, की तिथे सक्तीचा तक्ता नव्हता आणि नकार देण्याची सोय होती.

विक्रमांच्या वहीतही हा देश अजून जिवंत आहे. महिलांच्या ४०० मीटर धावण्याचा जागतिक विक्रम पूर्व जर्मनीच्या मारिटा कोखच्या नावावर आहे : ४७.६० सेकंद, कॅनबेरा, ६ ऑक्टोबर १९८५. ती कधीही चाचणीत दोषी आढळली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

क्रीगर आता उटे क्राउजेबरोबर संसार करतो. ती माजी जलतरणपटू, त्याच गोळ्यांची बळी. दोघांची ओळख खटल्याच्या निमित्ताने झाली. उत्तेजकविरोधी कामासाठी जर्मनीत ‘हायडी क्रीगर पदक’ दिले जाते.

आणि आणखी एकजण, इनेस गाइपेल. येनाच्या क्लबच्या ४ × १०० मीटर रिले संघातून तिने १९८४मध्ये विक्रम केला होता. हा विक्रम आपल्या इच्छेविरुद्ध दिलेल्या औषधांवर उभा आहे, माझे नाव त्यातून काढा, अशी मागणी तिने स्वतःच केली. २००६मध्ये ती मान्य झाली. नोंदीत आता तीन धावपटूंची नावे आहेत आणि चौथ्या जागी एक तारांकन.