हाडांच्या दुखण्यांची ग्रीक नावे



मी वैद्य नव्हे, पंडितही नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले; जे शिकलो ते अर्ज, दाखले आणि निकाल वाचता वाचता. काही वर्षांपूर्वी जळगावच्या एका हमालाने डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, "दादा, हे काय लिहिलंय?" कागदावर 'लंबर स्पॉन्डिलॉसिस' असे दोन शब्द होते. मलाही ते कळले नाहीत. लाज वाटली, आणि कोश उघडला.

'लंबर' हा शब्द लॅटिन. लुंबुस म्हणजे कंबर. 'स्पॉन्डिलॉस' हा ग्रीक. त्याचा अर्थ मणका. शेवटचा 'ओसिस' म्हणजे अवस्था. वैद्यकात बहुधा झिजेची किंवा बिघाडाची. 'आयटिस'चा मूळ अर्थ केवळ 'त्यासंबंधीचा' एवढाच. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा; म्हणून आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याचा रोग. 'आयटिस' म्हणजे दाह, हा अर्थ पुढे रूढ झाला.

हे शब्द परके वाटतात. पण सगळेच तसे नाहीत. ग्रीकांचे 'ऑस्टिऑन' आणि आपले 'अस्थि', त्यांचे 'गॉनु' आणि आपले 'जानु', म्हणजे खानदेशातला टोंगळा, ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही.

नावांत जुन्या समजुतीही राहतात. 'र्‍हुमा' म्हणजे वाहणे. शरीरातील द्रव वाहत येऊन दुखणे होते असे ग्रीक मानीत, म्हणून 'र्‍हुमॅटिझम'. आपण वायूला दोष दिला, म्हणून 'संधिवात'. समजूत मागे पडली, नाव राहिले. 1741 साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पाइस' म्हणजे मूल यांवरून 'ऑर्थोपीडी' हा शब्द घडविला. मुलांची अंगे सरळ कशी राखावीत, हा त्याच्या पुस्तकाचा विषय. पोत्याखाली वाकलेला प्रौढ माणूस त्या नावात कोठेच नव्हता!

तो कायद्यातही उशिराच आला. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अपघात होता, धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती; पण हमालाच्या मणक्यांची झीज त्या यादीत नव्हती. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला तो 1969 साली.

मी त्या हमालाला सांगितले, "तुमचे कमरेचे मणके झिजलेत." तो म्हणाला, "ते मला ठाऊकच आहे. कशानं झिजले, ते लिहिलंय का?"

बंधुभगिनींनो, ते ग्रीकमध्ये लिहिलेले नव्हते. रोगाचे नाव हाडाची अवस्था सांगते. हाडावर ओझे कोणी आणि किती वर्षे ठेवले, हे सांगत नाही. आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. रोग्याचा धंदा आणि पोती वाहण्याची वर्षे कागदावर नोंदवावीत, अशी विनंती केली. त्यांनी आनंदाने दोन ओळी लिहिल्या, त्याही मराठीत. यापुढे घरातल्या कोणाचा असा कागद हाती आला, तर नावाचा अर्थ विचाराच. पण त्या दोन ओळीही मागून घ्या.