ग्लिव्हेक प्रकरण : जागतिक व्यापार कराराची चेन्नईतील कसोटी

चेन्नई : रक्ताच्या एका कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटसाठी स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीने १७ जुलै १९९८ रोजी चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल केला. अर्जाचा क्रमांक होता १६०२/मास/१९९८. शहराचे नाव दोन वर्षांपूर्वीच बदलले होते. क्रमांकातील ‘मास’, म्हणजे मद्रास, तेवढे कायम होते. औषधाला पेटंट देण्याची तरतूद त्या वेळी भारतीय कायद्यात नव्हती. त्यामुळे हा अर्ज २००५ पर्यंत न तपासता राखून ठेवण्यात आला. जो अर्ज मान्यच होऊ शकत नव्हता तो स्वीकारला का गेला, याचे उत्तर बहुपक्षीय व्यापार वाटाघाटींत सापडते.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला १९७० चा पेटंट कायदा औषधाला पेटंट देत नसे. ते तयार करण्याच्या प्रक्रियेला मात्र देत असे, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने तयार करण्यास कोणालाही मोकळीक होती. भारतीय औषध उद्योग या मोकळिकीत वाढला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या उरुग्वे फेरीत औद्योगिक देशांनी बौद्धिक संपदेचा विषय व्यापाराच्या मेजावर आणला. भारत व ब्राझील यांचा त्याला विरोध होता; परंतु शेती आणि वस्त्रोद्योगातील सवलती याच व्यवहाराला जोडल्या गेल्याने तो टिकला नाही. १९९१ अखेरचा ‘डंकेल प्रस्ताव’ मराठी वाचकांच्या स्मरणात प्रामुख्याने बियाण्यांच्या वादामुळे आहे. औषधांवर त्याचा परिणाम तितकाच खोल होता. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली.

तिच्या बौद्धिक संपदाविषयक करारानुसार, म्हणजे ‘ट्रिप्स’नुसार, औषधांसह सर्व क्षेत्रांत उत्पादनाला पेटंट देणे बंधनकारक झाले. ज्या विकसनशील देशांत अशी पेटंटे नव्हती त्यांना २००५ पर्यंत मुदत मिळाली, पण ती विनाअट नव्हती. १९९५ पासून येणारे अर्ज स्वीकारून राखून ठेवायचे आणि काही अटींवर अर्जदाराला विक्रीचा अनन्य हक्क द्यायचा, असे ठरले. मुदत द्यायची आणि तिचा लाभ मर्यादित करायचा, अशी ही रचना होती. तिची अंमलबजावणी न केल्याबद्दल अमेरिकेने तक्रार केली. डिसेंबर १९९७ मध्ये अपिलातही निकाल भारताच्या विरोधात गेला आणि १९९९ मध्ये कायदा बदलावा लागला.

नोव्हेंबर २००३ मध्ये ग्लिव्हेकला विक्रीचा अनन्य हक्क मिळाला. त्याच्या आधारे मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय उत्पादकांना अंतरिम मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई नाकारली. प्रश्न किती निकडीचा होता, हे किमतीवरून कळते. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय पर्याय साधारण ८ ते १२ हजारांत मिळत असे. हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आपण बहुतेक रुग्णांना ते मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. तथापि अशी मदत कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असते.

मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा ट्रिप्सनुसार सुधारला, त्याच वेळी कलम ३(ड) नव्या रूपात आणले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढलेली नसेल, तर त्याला पेटंट नाही, असा त्याचा आशय. ‘नवा शोध’ हवा, असे ट्रिप्स सांगतो. शोध कशाला म्हणायचे, याची व्याख्या करीत नाही. ती जागा संसदेने वापरली. इमॅटिनिब हा मूळ रेणू १९९५ पूर्वीचा असल्याने त्याला भारतात पेटंट मिळू शकत नव्हते. कंपनीचा दावा त्याच्या एका क्षाराच्या विशिष्ट स्फटिकरूपावर होता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि अनेक भारतीय कंपन्यांनी हरकती घेतल्या. २५ जानेवारी २००६ रोजी चेन्नई कार्यालयाने अर्ज फेटाळला.

कंपनीने कलम ३(ड) लाच आव्हान दिले. ६ ऑगस्ट २००७ रोजी न्या. आर. बालसुब्रमणियन आणि न्या. प्रभा श्रीदेवन यांनी ते अमान्य केले. हे कलम ट्रिप्सशी सुसंगत आहे की नाही, हे ठरविण्यासाठी करारानेच व्यापार संघटनेची तंटा निवारण यंत्रणा नेमून दिली आहे. देशांतर्गत न्यायालय तो निवाडा करू शकत नाही, असे त्यांनी म्हटले. त्या यंत्रणेकडे केवळ सदस्य देश जाऊ शकतात. स्वित्झर्लंड गेले नाही, आणि या सर्व प्रकरणात हे मौन सर्वांत बोलके ठरते. पुढे चेन्नईतीलच अपील मंडळाने आणि अखेर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट नाकारले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता, हा अर्थ तेथे निश्चित झाला.

या निकालाचे महत्त्व भारतापुरते नव्हते. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा प्रचलित खर्च १० हजार डॉलरहून अधिक होता. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला दोहा येथे सर्व सदस्य देशांनी मान्य केले की, ट्रिप्सने सार्वजनिक आरोग्याच्या उपायांत आडकाठी आणू नये. सर्वांत अविकसित देशांना औषधांच्या पेटंटपासून २०३३ पर्यंत सूट आहे. परंतु कारखाने नसलेल्या देशाला सूट असूनही औषध बाहेरूनच, बहुधा भारतातून, आणावे लागते. कोविडकाळात मर्यादा पुन्हा दिसली. भारत व दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये व्यापक सवलतीचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये हाती आला तो लसींपुरता निर्णय.

चेन्नईचे अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले. कलम ३(ड) कायम आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाररूपावरील अर्ज फेटाळला. क्षयावर मात केलेल्या दोन स्त्रियांनी, एक मुंबईची व एक दक्षिण आफ्रिकेची, त्याला हरकत घेतली होती. मूळ पेटंटची मुदत त्या जुलैमध्ये संपली आणि भारतीय उत्पादकांना ते औषध तयार करण्याची वाट मोकळी झाली.