सौर विमानातून ब्रॉडबँड

पंखांवरील सौरपट्ट्यांच्या विजेवर स्थितांबरात महिनोन्‌महिने घिरट्या घालणाऱ्या मानवरहित विमानातून बिनतारी इंटरनेट पुरवण्याची योजना. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत अशा स्थानकांची उंची 20 ते 50 किमी. धरली आहे, प्रत्यक्ष प्रयत्न 20 किमी.च्या आसपासचे. तेथे वारा तुलनेने मंद असतो, ढग व प्रवासी विमाने बहुधा खालीच राहतात. उदा., चिखलीच्या (जि. बुलढाणा) माथ्यावर 20 किमी. उंचीवर विमान ठेवल्यास 50 किमी. त्रिज्येत बुलढाणा, मेहकर, देऊळगाव राजा येतात आणि कडेच्या गावालाही ते क्षितिजापासून सु. 22° वर असते. डोंगराआड गेलेल्या वस्तीला मनोऱ्यापेक्षा हे सोयीचे.

अडचण रात्रीची. दिवसा साठवलेल्या विजेवर पंखे सकाळपर्यंत फिरवावे लागतात. त्यामुळे वजनाचा मोठा वाटा बॅटरीच खाते व संदेशवहन यंत्रणेसाठी फार थोडे उरते. डिसेंबरअखेरची रात्र चिखलीला सु. 13 तासांची, लंडनला 16. या हिशेबाने आपला पट्टा अधिक अनुकूल ठरतो.

नासाच्या हेलिओस या सौर विमानाने 2001 मध्ये 29.5 किमी. उंची गाठली, 26 जून 2003 रोजी ते हवाई बेटांजवळ हवेतच मोडले. तत्पूर्वी 2002 मध्ये नासाच्याच पाथफाइंडर-प्लसवरून दूरचित्रवाणी व मोबाइल संदेशवहनाच्या चाचण्या झाल्या होत्या. फेसबुकचे अक्विला (पंखविस्तार सु. 42 मी., वजन सु. 400 किग्रॅ.) 28 जून 2016 रोजी ॲरिझोनात 96 मिनिटे उडाले, उतरताना वाऱ्याच्या झोतात उजवा पंख मोडला. मे 2017 मध्ये दुसरे उड्डाण झाले, पण 2018 मध्ये कंपनीने विमानबांधणीच सोडली. सप्टेंबर 2020 मध्ये सॉफ्टबँकेच्या सनग्लायडरवरून व्हिडिओ कॉल झाला. एअरबसचे झेफिर 2022 मध्ये सलग 64 दिवस तरंगले. सहनशक्तीच्या दृष्टीने ही खरी मजल. अक्विलाची प्रसिद्धी कामगिरीच्या मानाने जास्त झाली.

भारत : बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने फेब्रुवारी 2024 मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात अशा विमानाची लहान प्रतिकृती सु. 3 किमी. उंचीवर 8 तासांहून अधिक काळ उडवली.

महाराष्ट्र : अशी सेवा नाही; प्रयत्न दुसऱ्या मार्गांनी झाले. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात दूरचित्रवाणीच्या रिकाम्या कंप्रतांवरून खेड्यांना जोडून पाहिले. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम यांसारख्या भागांसाठी उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात बुलढाण्याचे नाव नव्हते.