बंद पाइपात डोकावणारी वीज

'मुंबई हाय'सारख्या क्षेत्रातील विहिरीतून वर येते ते निव्वळ तेल नसते. तेल, नैसर्गिक वायू आणि पाणी यांचे ते खळबळणारे मिश्रण असते. अभियंते त्याला 'बहुप्रावस्था प्रवाह' म्हणतात. त्यात तेल किती आणि पाणी किती, हे ठरविण्यासाठी मिश्रण टाकीत वेगळे करून मोजण्याची पद्धत जुनी आहे; पण त्यात वेळ जातो आणि पाइपात त्या क्षणी काय चालले आहे, ते कळत नाही.

यावर विद्युत टोमोग्राफीचा उपाय पुढे आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील मँचेस्टर येथे प्रा. मॉरिस बेक यांच्या गटाने या तंत्राचा पाया घातला. पाइपाच्या परिघावर, समजा, १२ इलेक्ट्रोड बसवितात. त्यांच्या ६६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीमधील विद्युत धारिता मोजली जाते. वायूचा परावैद्युतांक सुमारे १, तेलाचा २ हून थोडा अधिक, तर पाण्याचा तब्बल ८० च्या आसपास असतो. त्यामुळे आतील पदार्थ बदलला की धारिताही बदलते आणि या ६६ आकड्यांवरून संगणक पाइपाच्या छेदाचे चित्र उभे करतो.

वैद्यकीय सीटी स्कॅनच्या तुलनेत हे चित्र अंमळ केविलवाणेच म्हणायचे. क्ष-किरण सरळ रेषेत जातात. विद्युतक्षेत्र मात्र वाटेतील पदार्थानुसार वाकते. शिवाय पाइपाच्या मध्यभागी त्याची संवेदनशीलता सर्वांत कमी असते. त्यामुळे लहान बुडबुडे स्वतंत्रपणे दिसत नाहीत, त्यांचा नुसता धूसर डाग उमटतो. मग उपयोग काय? वेग! सेकंदाला शंभर व त्याहूनही अधिक चित्रे मिळू शकतात, त्यामुळे वायूचा मोठा गोळा पुढे सरकताना टिपता येतो. किरणोत्सारी स्रोत लागत नाही, प्रवाहात कोणताही अडथळा येत नाही.

धातूच्या पाइपात मात्र इलेक्ट्रोड विद्युतरोधक अस्तरावर आतच बसवावे लागतात. एरवी धातू विद्युतक्षेत्र अडवितो. दुसरी अडचण पाण्याची. पाणी वाढून सलग झाले आणि त्यात क्षार असले, की ते वीज वाहू लागते व धारितेचे मापन फसते. तेथे द्रवाला थेट टेकणारे इलेक्ट्रोड लावून विद्युतरोध मोजतात. रासायनिक कारखान्यातील मिश्रणटाक्यांत हीच पद्धत वापरली जाते. घुसळणी सुरू असताना एखादा कोपरा न ढवळता राहिला, तर टाकी न उघडता तो ध्यानात येतो.