विचारपूस कोणी करायची?

रुग्णालयातून घरी निघताना हल्ली हातात एक कागद ठेवला जातो. सेवा कशी वाटली, डॉक्टर नीट बोलले का, खोली स्वच्छ होती का. समोरच्या चौकटीत खूण करायची. या चौकटी कोणी आखल्या हे मात्र आपण कधी विचारत नाही. मराठीत 'चौकशी' आणि 'विचारपूस' असे दोन शब्द आहेत. चौकशीला अधिकाराचा वास येतो, विचारपुशीला आस्थेचा. न्यूझीलंडच्या माओरी समाजाने गेल्या चार दशकांत आरोग्यसेवेच्या मोजमापाबाबत जे केले, ते या दोन शब्दांमधले अंतर ओळखूनच केले असे म्हणावेसे वाटते.

या इतिहासामागे जुना अविश्वास आहे. १८४० साली वाइतांगीचा करार झाला आणि पुढे जमिनींपाठोपाठ उपचारांवरचा अधिकारही माओरींच्या हातून निसटत गेला. १९०७ च्या कायद्याने 'तोहुंगा', म्हणजे परंपरागत जाणकार आणि उपचारक, यांच्या कामावर बंदी आणली. तो कायदा १९६२ पर्यंत पुस्तकात होता. मग रुग्णालय हे परक्या सत्तेचे घर वाटले तर नवल नाही. माओरी रीतीप्रमाणे मस्तक पवित्र. डोक्याखालची उशी कोणी सहज पायाखाली सरकवली, तर रुग्णाचा जीव कासावीस होतो. शस्त्रक्रिया मात्र यशस्वी झालेली असते, आणि नोंदवहीत तेवढेच उतरते.

ही नोंदवही बदलण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न स्त्रियांनी केला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माओरी स्त्रियांच्या कल्याणकारी संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी माओरी स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी हाती घेतली. प्रश्न विचारायला गेल्या त्या संघटनेच्याच कार्यकर्त्या. 'रापुओरा' हा तिचा अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाच्या वेळीच मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली: देह, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत खचली तरी घर कलते. आजवरची मोजपट्टी बहुधा एकाच भिंतीला लावली जात होती.

पुढचे पाऊल इरिहापेती रॅम्सडेन यांचे. साहित्याच्या वाचकांना हे नाव अन्य कारणाने ठाऊक असेल: केरी ह्यूम यांची 'द बोन पीपल' ही कादंबरी मोठ्या प्रकाशकांनी नाकारल्यावर ज्या तीन स्त्रियांनी ती छापली, त्यांपैकी त्या एक. १९८५ मध्ये त्या कादंबरीला बुकर मिळाले. व्यवसायाने रॅम्सडेन परिचारिका. १९८८ च्या एका सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले, की कायदेशीर आणि वैद्यकीय सुरक्षिततेविषयी एवढे बोलता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? त्या प्रश्नातून रॅम्सडेन यांनी 'सांस्कृतिक सुरक्षितते'ची संकल्पना उभी केली. तिचा गाभा एका वाक्यात मावतो: सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे. १९९२ मध्ये नर्सिंग कौन्सिलने हा विषय शिक्षणात आवश्यक केला. लगोलग वृत्तपत्रांतून गदारोळ उठला, १९९५ मध्ये संसदीय समितीपुढे प्रकरण गेले. विषय टिकला, २००३ मध्ये रॅम्सडेन गेल्या.

तत्त्व मान्य झाले तरी ते मोजायचे कसे? ड्युरी आणि ते कानी किंगी यांनी मानसिक आरोग्यसेवेसाठी 'हुआ ओरांगा' हे साधन तयार केले. त्यात चारही भिंतींविषयी प्रश्न आहेत, आणि ते तिघांना विचारले जातात: रुग्णाला, कुटुंबीयांना आणि उपचार करणाऱ्याला. तिघांची उत्तरे जुळली नाहीत, तर त्या विसंगतीतूनच संवाद सुरू होऊ शकतो. वैद्याचे मत इथे तिघांपैकी एक ठरते; माझ्या मते या साधनातील क्रांती ती हीच.

देशाच्या राष्ट्रीय रुग्णपाहणीतही पुढे असे प्रश्न आले. त्यातला एक अगदी साधा आहे: तुमचे नाव नीट उच्चारले गेले का? ज्याचे नाव आयुष्यभर मोडूनतोडून घेतले गेले, त्यालाच या प्रश्नाचे वजन कळावे.

तरीही प्रश्नावलीला एक मर्यादा राहतेच. जो अपमानित होऊन उपचार अर्धवट सोडून गेला, किंवा भीतीने आलाच नाही, त्याची खूण कोणत्याच चौकटीत नसते. म्हणून मोजपट्टीइतकीच ती धरणाऱ्या हाताची गोष्ट महत्त्वाची. २०२२ मध्ये न्यूझीलंडने स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण स्थापले. सत्तांतरानंतर २०२४ मध्ये ते बरखास्त झाले. प्रश्न कागदावर राहतील, उत्तरेही गोळा होतील. पण ती वाचून निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याच्याशी केलेल्या विचारपुशीची पुन्हा चौकशी व्हायला कितीसा वेळ लागतो?