सरसातली साखर

फ्रान्समधल्या नान्सीच्या वनस्पतिबागेचे संचालक आंरी ब्राकोनो यांनी 1820 मध्ये जिलेटिन, म्हणजे कातडी-हाडांचा शुद्ध सरस, गंधकाम्लात उकळला. त्यातून निघालेले स्फटिक चक्क गोड लागले. (त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ काहीही जिभेवर ठेवत.) ब्राकोनोंनी ती सरसाची साखरच ठरवली. पुढे तिच्यात नायट्रोजन सापडला आणि तो दावा बाद झाला. हेच ग्लायसीन, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल.

त्याच्यावर 'अनावश्यक' हा शिक्का बसला तो विसाव्या शतकात, उंदरांच्या खाण्यावरून. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ उंदरांना प्रथिनांऐवजी सुट्या अमिनो आम्लांचे मिश्रण देत. 1935 मध्ये त्यांनी थ्रिओनीन शोधले, तेव्हा कुठे अशा मिश्रणावर उंदीर नीट वाढू लागले. मग त्यातले एकेक आम्ल वगळून बघायचे. ग्लायसीन वगळले तरी वाढ थांबली नाही, कारण शरीर ते स्वतःच, मुख्यतः सेरीनपासून, तयार करते. शिक्का होता तो फक्त आहारापुरता.

शरीर या ग्लायसीनचे करते काय, याचा सर्वांत धीट शोध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लागला. 1945 च्या सुमारास डेव्हिड शेमिन यांनी जड नायट्रोजनची खूण घातलेले ग्लायसीन बनवले आणि ते स्वतःच खाल्ले: तीन दिवसांत 66 ग्रॅम. मग कित्येक महिने ते स्वतःचेच रक्त तपासत राहिले. खुणेचा नायट्रोजन हिमोग्लोबिनच्या हीममध्ये उतरला होता. रक्ताला लाल रंग देणाऱ्या या रेणूच्या कड्यातले चारही नायट्रोजन अणू ग्लायसीनमधूनच येतात, हे त्यातून उलगडले. शिवाय ती खूण रक्तात टिकली, मग ओसरली. त्यावरून तांबड्या पेशीचे सरासरी आयुष्य निघाले 127 दिवस. एका माणसाच्या पोटातून दोन प्रश्नांची उत्तरे! मला तरी या कुळकथेतला हाच भाग सर्वांत आवडतो.

ब्राकोनोंना ग्लायसीन सरसातच का मिळाले, याचे उत्तर मद्रासला मिळाले. सरस म्हणजे उकळलेले कोलॅजन. त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात, ही रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये मांडली. पिळाच्या मध्यात जागाच नसते. तिथे सर्वांत लहान रेणूच मावतो. म्हणून कोलॅजनमधले दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते.

मज्जारज्जूत त्याचे काम वेगळेच: स्नायूंना आखडू न देण्याचा निरोप पोचवणे. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्नीन हा निरोप घेणारी जागाच अडवते. धनुर्वाताचे विष तो निरोप सुटूच देत नाही. दोन्हीकडे रोगी धनुष्यासारखा ताठतो.