आरोग्यसंरक्षण, शाळकरी बालकामगारांचे
शाळेत शिकत असतानाच मजुरी करणाऱ्या मुलांच्या शरीरस्वास्थ्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी योजण्यात आलेले वैधानिक व वैद्यकीय उपाय. या उपायांचा विकास मुख्यत्वे इंग्लंडमध्ये झाला.

तेथे १८४४ च्या कारखाना अधिनियमाने अर्धवेळ पद्धती रूढ केली. तीनुसार मूल दिवसाचा काही भाग कापडगिरणीत व काही भाग शाळेत घालवी. किमान वय वाढत जाऊन १९०१ मध्ये ते १२ वर्षे झाले. तथापि लँकाशरमध्ये पहाटे सहाला गिरणीत गेलेली मुले दुपारी वर्गात झोपी जात. याखेरीज दूध व वृत्तपत्रे घरोघर पोहोचविणारी किंवा दुकानांत राबणारी मुले पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणली जात व कारखाना अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहत. १८९९ च्या एका संसदीय विवरणात अशा सु. १,४४,००० मुलांची नोंद होती.

१९०३ च्या बालरोजगार अधिनियमाने १४ वर्षांखालील मुलांना सामान्यतः रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत कामास लावण्याची मनाई केली. ११ वर्षांखालील मुलांना रस्त्यावरील विक्रीस बंदी घातली आणि अर्धवेळ कामगार मुलांना दुसरे काम देणे निषिद्ध ठरविले. प्रकृतीस अपायकारक काम अथवा ओझे यासंबंधीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य झाले. परंतु मुलांची तपासणी कोणी करावी, हा प्रश्न उरलाच. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेले अनेक तरुण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरल्याने तो राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. १९०६ मध्ये शालेय भोजनाची अनुज्ञा देणारा व १९०७ मध्ये शाळांत वैद्यकीय तपासणी अनिवार्य करणारा अधिनियम संमत झाला. शिक्षण मंडळाचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांनी या तपासणीची घडी बसविली.

तपासणीने दोष उघड होत. पण थकवा हाच दोष असेल, तर त्यावर विश्रांतीवाचून उपाय नव्हता. मजुरी बुडेल म्हणून पालकांचा व कापडगिरण्यांतील कामगार संघटनांच्या बहुसंख्य सभासदांचाही अर्धवेळ पद्धती बंद करण्यास विरोध होता. अखेर १९१८ च्या शिक्षण अधिनियमाने ती रद्द ठरविली. प्रत्यक्षात ती १९२० नंतर बंद पडली.

भारतात १९११ च्या कारखाना अधिनियमाने कापडगिरण्यांतील ९ ते १४ वर्षांच्या मुलांचे काम सहा तासांवर आणले व वय आणि शारीरिक क्षमता यांचे प्रमाणपत्र आवश्यक केले. परंतु मुंबईच्या गिरण्यांतील मुलांना उरलेल्या वेळी शाळेत जाण्याची सक्ती नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षण विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार दिला, तोही ऐच्छिक स्वरूपाचा. इंग्लंडमध्ये मुलाच्या प्रकृतीवर दृष्टी ठेवण्याचे कार्य शाळेने केले. येथे शाळाच नसल्याने प्रमाणपत्र मिळाल्यानंतर गिरणीबाहेर त्याच्या प्रकृतीची दखल घेणारी यंत्रणा नव्हती.